राइडमधलं पाणीसुद्धा लोकांनी विकायला काढलं होतं! बंद पडलेल्या थीम पार्कच्या आठवणी इतक्या का छळतात?

जानेवारी २०२३. अमेरिकेत फ्लोरिडामधल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये ‘स्प्लॅश माउंटन’ नावाची राइड कायमची बंद झाली आणि लगेचच ईबे या वेबसाइटवर एक अजब वस्तू विक्रीला आली. बरण्यांमध्ये आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांमध्ये भरलेलं पाणी. विकणाऱ्यांचा दावा होता की हे त्याच राइडमधलं पाणी आहे.

आता ते पाणी खरंच तिथलं होतं की कुणाच्या घरच्या नळाचं, हे तपासायचं कसं? तरीही त्याच्या बातम्या झाल्या. लोक हसले, पण हसता हसता अनेकांना ही भावना ओळखीचीही वाटली.

तुमचं लहानपण १९९० च्या दशकात मुंबई-ठाण्याच्या आसपास गेलं असेल तर तुम्हालाही ती ओळखीची वाटेल. एस्सेलवर्ल्डचं नाव काढा, समोरचा माणूस आधी ते जिंगल गुणगुणेल, मग गोराईच्या फेरीबोटीची आठवण सांगेल आणि शेवटी म्हणेल, “अरे, ते बंद झालं ना?”

जगभरात असे लाखो लोक आहेत जे बंद झालेल्या राइड्सच्या आठवणी काढत असतात. जुने व्हिडिओ शोधतात, नकाशे जमवतात, काही जण तर आंदोलनही करतात. पण एका यंत्रावर माणसाचा इतका जीव का जडतो? आणि ते यंत्र परत आणलं तर ही हुरहूर थांबते का? सविस्तर समजून घेऊ.

सिनेमा परत बघता येतो, राइड नाही

तुम्हाला लहानपणी आवडलेला सिनेमा आज परत बघायचा असेल तर तो कुठल्या तरी ॲपवर सापडतो. गाणं यूट्यूबवर असतं. पुस्तक रद्दीच्या दुकानात तरी मिळतं.

राइडचं तसं नसतं. ती जगात एकाच जागी किंवा फार तर तीन-चार जागी असते. तिच्यात वेग असतो, पोटात येणारा गोळा असतो, अंगावर उडणारं पाणी असतं, वास असतो. व्हिडिओत यातलं फक्त चित्र आणि आवाज येतो.

याचं एक चांगलं उदाहरण म्हणजे फ्लोरिडामधल्याच एपकॉट पार्कातली ‘होरायझन्स’. १ ऑक्टोबर १९८३ ला सुरू झालेल्या या राइडमध्ये भविष्यातलं जग दाखवलं होतं. वाळवंटात फुलवलेली शेती, समुद्राखालची वस्ती, अंतराळातलं घर. शेवटी प्रवासी बटण दाबून ठरवायचे की परतीचा प्रवास अंतराळातून, वाळवंटातून की समुद्रातून करायचा. आणि वाळवंटातल्या शेतीच्या दृश्याजवळ गाडी आली की संत्र्यांचा वास सोडला जायचा.

ही राइड ९ जानेवारी १९९९ ला बंद झाली. पण ज्यांनी तिचा अनुभव घेतलाय त्यांना विचारा, पहिली आठवण बहुतेक वेळा त्या संत्र्यांच्या वासाचीच निघते. यामागे मेंदूची रचना आहे. वासाची माहिती मेंदूतल्या भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत खूप थेट पोहोचते. म्हणूनच पहिल्या पावसाचा किंवा नव्या वह्या-पुस्तकांचा वास आपल्याला एका झटक्यात शाळेच्या दिवसांत नेतो.

मग लोकांना आवडणाऱ्या राइड्स बंद का करतात?

याची कारणं बहुतेक वेळा अगदी रुक्ष असतात.

पहिलं कारण पैसा. ‘होरायझन्स’ची प्रायोजक होती जनरल इलेक्ट्रिक ही कंपनी. तिचा करार १९९३ मध्ये संपला आणि तिथून राइडला उतरती कळा लागली. आज तिच्या जागी ‘मिशन: स्पेस’ आहे.

दुसरं कारण देखभाल. फ्लोरिडाच्या मॅजिक किंगडममध्ये १९७१ मध्ये सुरू झालेली पाणबुड्यांची एक राइड होती, ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’. मोठं कृत्रिम तळं आणि त्यातून फिरणाऱ्या पाणबुड्या. दिसायला भन्नाट, पण सांभाळायला महागडी. एका पाणबुडीतली माणसं उतरवून नवी बसवायला वेळ लागायचा, त्यामुळे रांग सरकायची नाही. १९९४ मध्ये ती बंद झाली.

तिसरं कारण म्हणजे नवा, जास्त खपणारा सिनेमा. युनिव्हर्सल स्टुडिओज फ्लोरिडामधली ‘जॉज’, म्हणजे शार्कच्या सिनेमावर बेतलेली बोटीची राइड, जानेवारी २०१२ मध्ये बंद झाली आणि २०१४ मध्ये तिथे हॅरी पॉटरची ‘डायगन ॲली’ उभी राहिली. धंद्याच्या हिशोबाने यात काहीच चूक नव्हतं. पण शार्कला घाबरून आईला बिलगलेल्या मुलाच्या हिशोबात हॅरी पॉटर बसत नाही.

चौथं कारण जमीन. ते आपल्याकडे जास्त लागू पडतं, त्यावर पुढे येऊच.

एका बेडकासाठी झालेलं आंदोलन

राइड बंद होतेय म्हणून लोक रस्त्यावर उतरले असं कधी झालंय का? जवळपास तसंच झालंय.

केनेथ ग्रॅहॅम यांच्या १९०८ सालच्या ‘द विंड इन द विलोज’ या पुस्तकात मिस्टर टोड नावाचा एक बेडूक आहे. त्याला मोटार चालवायचं भयंकर वेड. त्याच्यावर आधारित ‘मिस्टर टोड्स वाइल्ड राइड’ मॅजिक किंगडममध्ये पार्क उघडल्यापासून, म्हणजे १९७१ पासून होती. तुम्ही छोट्या मोटारीत बसायचं, ती वेडीवाकडी धावायची, शेवटी आगगाडीला धडकायची आणि तुम्ही थेट नरकात पोहोचायचात! लहान मुलांच्या राइडचा असा शेवट कुणी विसरेल का?

१९९७ मध्ये ही राइड बंद होऊन तिथे विनी द पूची राइड येणार अशी बातमी आली. चाहत्यांनी हिरवे टी-शर्ट छापले, कंपनीला पत्रं पाठवली आणि राइडसमोर जमून शांतपणे निषेध केला. इंटरनेट तेव्हा अगदी बाल्यावस्थेत होतं, तरी या मोहिमेची वेबसाइटही होती.

उपयोग झाला नाही. ७ सप्टेंबर १९९८ ला राइड बंद पडली. पण नवी राइड उभारणाऱ्यांनी आत एक छोटी गंमत ठेवली. पूच्या राइडमध्ये भिंतीवर एक फोटो आहे. त्यात मिस्टर टोड त्या जागेची कागदपत्रं पूच्या गोष्टीतल्या घुबडाच्या हातात देताना दिसतो. शिवाय पार्कातल्या ‘हाँटेड मॅन्शन’च्या प्राण्यांच्या दफनभूमीत टोडचा एक पुतळाही आहे.

म्हणजे चाहत्यांचं ऐकलं नाही, पण त्यांचं दुःख दखल घेण्यासारखं आहे, एवढं मान्य केलं गेलं.

गंमत म्हणजे कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये १९५५ पासूनची ही राइड अजूनही सुरू आहे. पण फ्लोरिडाच्या चाहत्याला तुम्ही “मग तिकडे जाऊन बस” असं सांगितलंत तर त्याचं समाधान होणार नाही. का?

आपण नेमकं काय मिस करतो?

याचं उत्तर मानसशास्त्रात आहे. ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात तयार केला. ग्रीक भाषेतले दोन शब्द जोडून. एक म्हणजे घरी परतणं आणि दुसरा म्हणजे वेदना. परदेशात राहणाऱ्या, लढायला गेलेल्या स्विस माणसांना घराच्या ओढीने जो त्रास व्हायचा, त्याला त्याने हे नाव दिलं. तेव्हा हा चक्क आजार मानला जायचा.

मराठीत आपण त्याला ‘स्मरणरंजन’ म्हणतो. शब्द छान आहे, पण बघा, त्यात फक्त रंजन उरलं आणि वेदना गळून पडली. ती वेदना आपल्याकडे दुसऱ्या शब्दात आहे, ‘हुरहूर’. नॉस्टॅल्जिया म्हणजे हे दोन्ही एकत्र.

ब्रिटनमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात टिम विल्डशूट, कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस आणि त्यांचे सहकारी या विषयावर अनेक वर्षं संशोधन करताहेत. २००६ मध्ये त्यांनी लोकांना आपल्या आठवणी लिहायला सांगितल्या. त्या वाचल्यावर दोन गोष्टी समोर आल्या. एक, अशा आठवणीत माणूस स्वतः मध्यभागी असतो, पण जवळजवळ कधीच एकटा नसतो. सोबत आई-वडील, भावंडं, मित्र असतात. दोन, माणूस उदास किंवा एकटा असताना या आठवणी जास्त येतात आणि त्या आल्यावर त्याला आपण कुणाचे तरी आहोत असं वाटतं.

आता हे राइडला लावून बघा. थीम पार्कला कुणी सहसा एकटं जात नाही. तो दिवस आधीच ठरलेला असतो, त्यासाठी पैसे साठवलेले असतात, बाबांनी रजा काढलेली असते. एरवी घड्याळाकडे बघत धावणारी मोठी माणसं त्या दिवशी तुमच्यासोबत किंचाळत असतात. वर्षातून असा एखादाच दिवस येतो.

त्यामुळे राइड ही त्या दिवसाची खुंटी होते. ती जागेवर असेपर्यंत वाटत राहतं की आपण कधीही परत जाऊ शकतो. ती गेली की लक्षात येतं, तो दिवस तर केव्हाच गेला होता, राइडने फक्त ते झाकून ठेवलं होतं. म्हणूनच दुसऱ्या गावातली तीच राइड चालत नाही. तिथे तीच मोटार आणि तोच नरक असेल, पण तिथे तुम्ही तुमच्या आजोबांबरोबर गेलेला नसता.

कंपन्यांना हे बरोबर कळलंय

मॅजिक किंगडमच्या शेजारच्या एपकॉट पार्कात १९८३ मध्ये सुरू झालेल्या एका राइडमध्ये फिगमेंट नावाचा छोटा जांभळा ड्रॅगन होता. १९९९ मध्ये राइडचं नवं रूप आलं आणि त्यातून फिगमेंट जवळपास गायबच झाला. लोक इतके नाराज झाले की दोनच वर्षांत ते रूप बंद करावं लागलं आणि २००२ मध्ये फिगमेंटला परत आणलं गेलं. पुढे जानेवारी २०२२ मध्ये त्याच्या आकाराचं पॉपकॉर्नचं भांडं विक्रीला आलं, तेव्हा ते घ्यायला लोक तासन् तास रांगेत उभे होते. त्या रांगेत लहान मुलांपेक्षा मोठी माणसं जास्त असणार, हे सांगायला नको.

दुसरा किस्सा डिस्नेलँडच्या ‘मेन स्ट्रीट इलेक्ट्रिकल परेड’चा. दिव्यांनी सजलेल्या रथांची ही मिरवणूक १९७२ मध्ये सुरू झाली. १९९६ मध्ये ती आता कायमची संपणार अशी जोरदार जाहिरात झाली, शेवटचं बघायला गर्दी उसळली आणि मिरवणुकीतले दिवेही आठवण म्हणून विकले गेले. पुढे काय झालं? काही वर्षांतच ती परत आली. नंतर पुन्हा गेली, पुन्हा आली. २०२२ मध्ये तिची पन्नाशीसुद्धा साजरी झाली.

म्हणजे निरोप हासुद्धा विकण्याजोगा माल असतो. ‘शेवटची संधी’ असं लिहिलेली पाटी दिसली की आपण तिकीट काढतोच.

पण आठवण नेहमीच निरागस असते का?

आता परत ‘स्प्लॅश माउंटन’कडे येऊ, कारण खरा पेच तिथे आहे.

१९८९ मध्ये कॅलिफोर्नियात आणि १९९२ मध्ये फ्लोरिडात सुरू झालेली ही राइड म्हणजे धमाल होती. ओंडक्यासारख्या बोटीत बसायचं, गाणी म्हणणारे ससे-कोल्हे-अस्वलं बघत पुढे जायचं आणि शेवटी सुमारे पन्नास फुटांवरून खाली पाण्यात कोसळायचं. बसलेल्या बहुतेकांना तिची मूळ गोष्ट कुठून आली हे माहीतच नव्हतं.

ती आली होती ‘साँग ऑफ द साउथ’ या १९४६ सालच्या डिस्नेच्या सिनेमातून. गुलामगिरी संपल्यानंतरच्या काळातलं अमेरिकेच्या दक्षिणेतलं मळ्यावरचं आयुष्य त्यात इतकं गोड दाखवलंय की कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने तेव्हाच त्यावर टीका केली होती. सिनेमात मुख्य भूमिका करणारे जेम्स बॅस्केट हे कृष्णवर्णीय अभिनेते होते. सिनेमाचा पहिला खेळ अटलांटा शहरात झाला. तिथल्या वर्णभेदामुळे ते आपल्याच सिनेमाच्या पहिल्या खेळाला हजर राहू शकले नाहीत. पुढे त्यांना मानद ऑस्कर मिळालं. हा सिनेमा अमेरिकेत व्हिडिओ कॅसेटवर किंवा डीव्हीडीवर कधीच आला नाही आणि डिस्नेच्या स्वतःच्या ॲपवरही नाही.

जून २०२० मध्ये अमेरिकेत वर्णद्वेषाविरोधात आंदोलनं सुरू असताना डिस्नेने जाहीर केलं की ही राइड बदलून ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ या सिनेमावर बेतलेली केली जाईल. त्यातली टियाना ही डिस्नेची पहिली कृष्णवर्णीय राजकुमारी. कंपनीचं म्हणणं होतं की हा विचार आधीपासूनच सुरू होता. बदलाच्या बाजूनेही ऑनलाइन सह्यांची मोहीम झाली आणि विरोधातही. २०२३ मध्ये फ्लोरिडा आणि कॅलिफोर्निया दोन्हीकडे जुनी राइड बंद झाली. २०२४ मध्ये ‘टियानाज बायू ॲडव्हेंचर’ सुरू झाली. टोकियोमधली ‘स्प्लॅश माउंटन’ मात्र अजून सुरू आहे.

यात कोण बरोबर? राइड आवडायची म्हणणारा प्रत्येक माणूस वर्णद्वेषी नव्हता. बहुतेकांना आपल्या बाबांबरोबर भिजलेला दिवस आठवत होता आणि ती आठवण खोटी नाही. पण त्याच राइडची मूळ गोष्ट माहीत असलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबाला तिथे बसताना काही वेगळं वाटत असेल, तर तेही खोटं नाही. पार्क सगळ्यांसाठी असेल तर फक्त पहिल्या आठवणीवर निर्णय घेता येत नाही.

अभ्यासक स्वेतलाना बॉइम यांनी २००१ मध्ये आलेल्या ‘द फ्यूचर ऑफ नॉस्टॅल्जिया’ या पुस्तकात स्मरणरंजनाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक प्रकार हरवलेलं जसंच्या तसं परत उभारायला निघतो. दुसरा प्रकार ती हुरहूर जवळ ठेवतो, पण भूतकाळाला प्रश्नही विचारतो. जुनी राइड होती तशीच परत आणा म्हणणारी मोहीम हा पहिला प्रकार. ती राइड किती आवडायची आणि ती का बदलली, हे दोन्ही सांगणं हा दुसरा.

आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे

आपल्याकडे जत्रेतला पाळणा दरवर्षी उतरतो आणि पुढच्या वर्षी परत उभा राहतो. त्यामुळे पाळणा गेला म्हणून कुणी रडत नाही. थीम पार्क आलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की ही जत्रा बारा महिने राहणार. पण तसं झालं नाही.

दिल्लीचं अप्पू घर १९८४ मध्ये सुरू झालं. १९८२ च्या आशियाई खेळांचा शुभंकर असलेल्या अप्पू हत्तीवरून त्याचं नाव ठेवलं होतं आणि भारतातलं पहिलं ॲम्युझमेंट पार्क म्हणून ते ओळखलं जातं. २००८ मध्ये ते बंद झालं. प्रगती मैदानाजवळची ती जागा मोक्याची होती. आज तिथे सर्वोच्च न्यायालयाची वाढीव इमारत उभी आहे.

आपल्या गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं. घरोघरी केबल टीव्ही यायच्याही आधी. बोरिवलीहून किंवा मालाडच्या मार्वेहून फेरीबोटीने खाडी ओलांडायची, म्हणजे राइड सुरू होण्याआधीच एक राइड झालेली असायची. झिपर डिपर, मॉन्स्टर्स इन द मिस्ट आणि मुंबईच्या घामट उकाड्यात चक्क बर्फावरचं स्केटिंग. शाळेच्या सहली, ऑफिसच्या पिकनिक, गावाहून आलेले पाहुणे, सगळ्यांना तिकडेच नेलं जायचं. कोविडच्या काळानंतर, २०२२ मध्ये ते बंद झालं. शेजारचं १९९८ मधलं वॉटर किंगडम सुरू राहिलं.

फरक बघा. मिस्टर टोडच्या चाहत्यांना दहा-अकरा महिने आधी कळलं, त्यामुळे त्यांना भांडता आलं, शेवटची फेरी मारता आली. एस्सेलवर्ल्डची शेवटची फेरी कधी मारली हे आपल्यापैकी बहुतेकांना सांगताच येणार नाही, कारण ती शेवटची आहे हे तेव्हा माहीतच नव्हतं.

दुसरा फरक नोंदींचा. अमेरिकेत चाहत्यांनीच बंद राइड्सचे व्हिडिओ, आराखडे, आवाज जमवून ठेवलेत. ‘डिफंक्टलँड’ नावाचा यूट्यूब चॅनल २०१७ पासून बंद पडलेल्या पार्क आणि राइड्सवर अभ्यासपूर्ण माहितीपट बनवतोय आणि लाखो लोक ते बघतात. आपल्याकडे एस्सेलवर्ल्डचा इतिहास शोधायला गेलात तर जाहिराती सापडतात, काही बातम्या सापडतात. बाकीचं सगळं घरोघरच्या अल्बममध्ये आहे.

मग करायचं काय?

राइड परत येणार नाही, आणि आली तरी आपण आठ वर्षांचे होणार नाही. पण त्या दिवसाची नोंद आपल्या हातात आहे. १९९० च्या दशकातले फोटो आता फिके पडताहेत, कॅमकॉर्डरच्या कॅसेटवर बुरशी चढतेय. ते स्कॅन करून घेणं, फोटोतली माणसं कोण, साल कोणतं, सोबत कोण कोण होतं हे आई-वडिलांना विचारून लिहून ठेवणं, एवढं तरी या दिवाळीच्या साफसफाईत करता येईल. तो काळ आठवणारी माणसं घरात आहेत तोवरच.

ते फोटो बघताना एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. कॅमेऱ्याच्या रोलमध्ये छत्तीसच फोटो असायचे, त्यामुळे राइडचा फोटो काढण्यात कुणी रोल वाया घालवायचं नाही. झिपर डिपर मागे अर्धवट कापलेलं असतं. समोर, फोटोच्या बरोबर मध्ये, डोक्यावर टोपी घातलेली मावशी, दात पडलेला भाऊ आणि नेहमीपेक्षा जरा जास्त हसणारे बाबा असतात.